दुधाचं उद्यापन

“लेकराला म्हैन्याच्या म्हैन्याला काट्यावर घालतीस, कवातरी सासूला बी घाल की एकदा.”

अंगणवाडीच्या ओसरीत द्वारकाबाई असं म्हणाली तेव्हा सृष्टी हसली होती. गेल्या वर्षीचा श्रावण होता तो. द्वारकाबाई अंगणवाडीत मदतनीस. राहायला सृष्टीच्या दारासमोरच. तिच्या तोंडाला कुलूप नाही हे अख्ख्या तेरखेड्याला ठाऊक. झोळीत बसवलेली अक्षरा काट्याला लोंबकळत भोकाड पसरत होती आणि सृष्टीचा जीव काट्याच्या सुईला टांगलेला होता. पोरगी जन्मली तीच किडकिडीत. तेव्हापासून सृष्टीला दुसरं काही दिसत नव्हतं.

“त्यांचं कशाला वजन करायचं मावशी?” ती म्हणाली. “त्यांची काय आता वाढ व्हायचीय का?”

“वाढ न्हाई बाई. पर घट असती की.”

“श्रावण आहे. उपास असतात त्यांचे.”

“श्रावण काय, सरंल. तिच्या हातातलं कडं बघ तू. कोपराकडं निघालंय.”

सांडपाण्याच्या नालीवरून द्वारकाबाईचं आणि सासूचं वर्षानुवर्षं वाजत आलेलं. म्हणून सृष्टीनं तो टोमणा समजून सोडून दिला. अक्षराचं वजन थोडंसं वाढलं होतं. त्या आनंदात ती पोरीला कडेवर मारून घरी आली, आणि सासूनं दिलेला गरम पाण्याचा तांब्या घेऊन पोरीचे पाय धुऊ लागली. तांब्या देणाऱ्या हाताकडं तिनं तेव्हाही बघितलं नाही.

सृष्टी लग्न होऊन या घरी आली तेव्हा घर हातावर पोट असलेलंच होतं, पण हात तीन होते आणि पोटंही तीनच. नवरा रणधीर एका मालकाचं पिकअप चालवायचा. सासरे वारलेले. सासू धुरपदाबाई घरी बसून फटाक्याच्या पुंगळ्या वळायची. गावात फटाक्यांचे कारखाने, त्यामुळं पुंगळ्यांचं काम घरोघरी. धुळाप्पाच्या म्हशीचं दूध सकाळी भांडं भरून यायचं. रात्री परातीत भाकरी कुस्करून त्यावर दूध ओतायचं आणि बोटानं निपटून खायचं, ही धुरपदाबाईची एकच चैन. “दूध-भाकर खाल्ल्याबिगर मला रात झाल्यागत वाटत न्हाय,” असं ती म्हणायची. रविवारी अंडी. पाहुणा आला तर कोंबडं.

मग सृष्टीला दिवस गेले आणि ताटांमधली वाटणी बदलली. खोबरं, डिंक, खारीक, जे येईल ते तिच्या ताटात. सासू समोर बसून खायला लावायची. “दोन जिवाची हायस, लाजू नगंस.” बाळंतपणात तर शिऱ्यातलं तूप बोटांवरून मनगटापर्यंत ओघळायचं. मग अक्षरा वरच्या दुधावर आली. त्याच सुमाराला मालकानं पिकअप विकलं आणि रणधीर कारखान्यात रोजानं लागला. आणि त्याच वर्षीच्या, म्हणजे काट्याच्या आदल्या वर्षीच्या, श्रावणातल्या एका सोमवारी धुरपदाबाई येडशीच्या रामलिंगाला जाऊन आली, पदर खोचून चुलीपुढं बसली आणि म्हणाली,

“आजपास्नं मला दूध देऊ नगा. म्या देवाला सोडलंय.”

आपल्याकडं असं सोडलेलं कोणी विचारत नाही. काशीला जाऊन कोणी वांगं सोडतं, कोणी गूळ सोडतं. का सोडलं, कशासाठी सोडलं, हे माणूस आणि देव बघून घेतात. ताट वाढणाऱ्यानं फक्त ध्यानात ठेवायचं. सृष्टी धाराशिवला राहून बी.एस्सी. झालेली. तिला मनातून हसू आलं. पण रात्री झाकणी काढली तेव्हा भांड्यात सकाळपुरतं दूध उरलेलं दिसलं आणि तिला हलकं वाटलं. देवावर तिचा फारसा भरवसा नव्हता. त्या दिवशी देव तिच्या सोयीचा निघाला, एवढंच.

पुढं कधीतरी शेंगदाणे सुटले. “दातानं चावत न्हाईत.” मग अंडं. “वास यायलाय बाई त्याचा.” प्रत्येक वेळी सृष्टीनं तो घास उचलून पोरीच्या नाहीतर रणधीरच्या ताटात घातला. रणधीर फटाक्याच्या दारूत हात घालून काम करणारा माणूस. त्याला चक्कर येऊन चालणार नव्हतं.

यंदा भाद्रपदात पाऊस लागला तो उघडेचना. गल्लीत चिखल, भिंतींना ओल, अंथरुणाला कुबट वास. रानात सोयाबीन उभ्या उभ्या काळं पडलं, त्यामुळं काढणीची मजुरीही बुडाली. आणि कारखान्याची गोष्ट तर सगळी उन्हाची. माल भरला की पटांगणात वाळत घालायचा, वाळला की पेट्यांत. दिवाळी तोंडावर आली आणि उन्हाचा पत्ता नाही. रणधीर सकाळी जायचा आणि दुपारच्या आत परत येऊन उंबऱ्यावर बसायचा. पायाच्या बोटांमधली भेगाळलेली कातडी सोलत राहायचा.

“मालक म्हनला, ऊन पडल्यावर या.”

“कधी पडणार ऊन?” सृष्टीनं विचारलं.

“मला फोन करून सांगनार हाय का ते?” तो खेकसला. मग जरा वेळानं, खाली बघत म्हणाला, “धुळाप्पाला सांग, निम्मंच घाल म्हणावं. आन डाळ जरा पातळ कर.”

“डाळ अजून किती पातळ करू? तळ दिसायलाय तिचा.”

आत पुंगळ्या वळत बसलेली धुरपदाबाई तिथूनच म्हणाली, “चातुर्मास चालू हाय. म्या आपली दिवाळीपतूर एकभुक्त ऱ्हाते. माझी रातची भाकर टाकू नगा.”

रणधीर हसला. “आई, तुझं देवदेव लई वाढलं गं. देव बी म्हनत आसंल, ही बाई मला झोपू दीना.”

“त्याला झोपून कसं चालंल? तुमच्यासारखा बसून हाय व्हय तो?”

तिघंही हसले. अक्षराही काही न कळून हसली. सृष्टीनं त्या रात्री एक भाकरी कमी थापली. पीठ आठवडाअखेरपर्यंत पुरेल का, या हिशेबात ती इतकी गुंतली होती की सासू ओट्याकडं पाठ करून तांब्याभर पाणी एका दमात प्याली, हे तिनं बघितलं आणि बघून विसरली.

घरात आता पुंगळ्यांचंच काम तेवढं चालू होतं. कागदाची पट्टी सळईवर धरायची, कडेला खळ लावायची आणि फळीखाली घालून एका झटक्यात पुढं रेटायची. पुंगळी वळली की सळईवरून निसटून बाहेर येते. रेटा कमी पडला तर पुंगळी पोकळ राहते. तिच्यात दारू ठासता येत नाही. धुरपदाबाईच्या पुंगळ्यांना गावात नाव होतं. बोटांत धरून दाबली तर दगडासारखी लागायची. “इळा धरलेला हात हाय माझा, त्येला काय कागद ऐकनार न्हाई?” असं ती सांगायची.

घट बसायच्या आदल्या दिवशी दोघी मेणकापडात गुंडाळलेल्या जुड्या घेऊन कारखान्याच्या शेडवर गेल्या. माल मोजून घेणारा उमाशंकर मुकादम खुर्चीवर पाय घेऊन बसला होता. शेडभर बायका होत्या, प्रत्येकीच्या पदरातून पाणी गळत होतं. उमाशंकरनं धुरपदाबाईच्या जुडीतली एक पुंगळी उचलली आणि दोन बोटांत दाबली. ती चपटी झाली. त्यानं दुसरी घेतली. तीही चपटी.

“मावशी, ह्या पुंगळ्या हायत का पापड?”

बायका खिदळल्या.

“कागद सादळलाय भाऊ,” धुरपदाबाई म्हणाली. “हवा कशी हाय बघा की.”

“हवा तर सगळ्यांलाच हाय. ह्यांच्या बघा.” त्यानं सृष्टीची जुडी वर धरली. “कागद एकच, खळ एकच, घर एकच. आता सुनंला बसू द्या अन् तुमी माळ ओढा. वय झालं.”

त्यानं सासूची जुडी पायानंच बाजूला सारली. धुरपदाबाई वाकून ती उचलू लागली. वाकली आणि तशीच गुडघ्यावर हात ठेवून थांबली, जणू खाली काही हरवलंय. सृष्टीनं जुडी उचलली. तिला सासूची कीव यायच्या आधी राग आला. एवढा कागद वाया गेला होता, आणि त्याचे पैसे मजुरीतून कापले जाणार होते.

घरी आल्यावर सृष्टीनं वाया गेलेली एक पुंगळी उलगडली, कागद तोच, आणि पुन्हा वळून बघितली. घट्ट झाली. मग ती सासूच्या हातांकडं बघत बसली. उजव्या हातातलं चांदीचं कडं. त्याला आतून पांढरा सुती दोरा गुंडाळलेला होता, फेऱ्यावर फेरे, बोटभर जाड.

“आत्या, हा दोरा कशाला?”

“वळताना खाली-वर हुतंय बाई. फळीला अडकतंय.”

“कधीपासून?”

“कवाचंच,” धुरपदाबाई म्हणाली आणि हात पदराखाली घेतला.

द्वारकाबाईचं बोलणं तेव्हा सृष्टीला आठवलं. पण घट बसले. नवरात्राचे उपास लागले. ऐन नवरात्रात म्हातारीला ‘जेवा’ कसं म्हणायचं? सृष्टी मनाशी म्हणाली, दसरा होऊ दे, मग बघू. माणूस बघायचं पुढं ढकलतं ते असंच, काहीतरी निमित्त धरून.

ज्या दिवशी घट उठले त्या सकाळी पाऊस झिमझिम चालू होता. सृष्टी पुरणाची डाळ शिजत घालत होती. धुरपदाबाई अक्षराला कडेवर घेऊन समोरच्या दारी आपट्याची पानं मागायला निघाली होती. नालीवरच्या फरशीवर तिचा पाय घसरला नाही, द्वारकाबाईनं नंतर शपथेवर सांगितलं, “पाय घसारला न्हाई गं, पाय मोडलाच खालनं, वाळकी काडी मोडती तसा.” म्हातारी पडली, पण पडताना तिनं पोरीला छातीवर उचलून धरलं आणि सगळा मार कोपरावर घेतला.

सृष्टी धावली ती ओरडतच. “अक्षरा! लागलं का गं? लागलं का माझ्या पिल्लाला?” पोरीला ओढून घेऊन तिनं डोकं चाचपलं, हात चाचपले, गुडघे बघितले. पोरीला ओरखडासुद्धा नव्हता. मग तिनं खाली बघितलं. सासू चिखलात आडवी होती, डोळे उघडे, ओठ पांढरेफटक.

“तिला न्हाई लागलं,” धुरपदाबाई म्हणाली. “म्या धरली हुती.”

रणधीर घरात नव्हता. द्वारकाबाईनं हात लावला, पण हात लावायची तशी गरजच नव्हती. सृष्टीनं सासूच्या काखेत आणि गुडघ्याखाली हात घातले आणि ती उचलली गेली. अशी उचलली गेली की सृष्टी मागंच झोक खाऊन उभी राहिली. कडब्याची पेंढी उचलावी, एवढंच. लुगड्याचंच वजन जास्त.

दवाखान्यात बाटली लावली. कोपराला पट्टी बांधली. डॉक्टर पोरगेलेसे होते. पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली.

“रक्त फार कमी आहे यांच्यात. जेवतात काय?”

“सगळं जेवती की,” रणधीर म्हणाला. तो कारखान्यातून तसाच धावत आलेला, हात अजून काळे. “काय खात न्हाईस का आई? सगळंच खाती सायेब.”

“दूध?”

“दूध देवाला सोडलंय,” धुरपदाबाई म्हणाली.

“अंडी?”

“वास येतो.”

“डाळी, शेंगदाणे?”

“दात न्हाईत.”

डॉक्टरांनी सृष्टीकडं बघितलं. “तुम्ही शिकलेल्या दिसता.”

एवढंच म्हणाले ते, आणि पुढच्या खाटेकडं गेले. सृष्टी खाटेच्या कडेला उभी राहिली. प्रथिनं म्हणजे काय, लोह कशात असतं, हे तिनं कॉलेजात पानंच्या पानं लिहिलेलं. अक्षराच्या प्रत्येक घासात तिनं ते मोजलं होतं. सासूचं ताट मात्र तिनं फक्त घासलं होतं. आणि घासायला सोपं जायचं ते. त्याला कधी काही चिकटलेलं नसायचं.

घरी आणल्यावर तिनं वाटीत दूध घेतलं आणि सासूपुढं धरलं. म्हातारीनं तोंड फिरवलं.

“पाप लावतीस व्हय मला?”

“आत्या, डॉक्टर काय म्हणाले ऐकलं ना?”

“त्येला काय ठावं? देवाला दिल्यालं माघारी घेतलं आन लेकरावर काय आलं तर?”

हे ऐकलं आणि रणधीरचाच चेहरा उतरला. बायकोला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, “र्‍हाऊ दे सृष्टी. नसतं बालंट नको. दुसरं कायतरी चार.”

“दुसरं काय चारू? घरात दुसरं काय आहे, दाखवा मला.”

द्वारकाबाईनं आणून दिलेली आपट्याची पानं कोपऱ्यात तशीच पडली होती. सृष्टी आयुष्यात देवाशी कधी भांडली नव्हती; आता भांडण मिटवायची तरतूदही देवाच्याच घरात असेल, असं तिच्या मनात आलं.

“उद्यापन करू,” ती म्हणाली. “कुठलंही व्रत धरलं की त्याचं उद्यापन असतंच ना? सोळा सोमवाराचं असतं, मंगळागौरीचं असतं. दुधाचंही करू. रामलिंगापुढंच सोडलंय, तिथंच जाऊन सोडवून आणू. मग तर पाप नाही?”

रणधीरचा चेहरा मोकळा झाला. “व्हय की! आई, हे बरं हाय. उद्यापन करू आपण.”

धुरपदाबाई आढ्याकडं बघत पडून होती. “नगं,” ती म्हणाली. “खर्च कशाला उगं?”

“तांब्याभर दूध आणि एक नारळ. त्याला काय खर्च?”

“नगं म्हनलं न्हवं.”

पण दोघांनी ऐकलं नाही. म्हातारीचं ‘नको’ ऐकायची सवय त्यांना होती. पहिल्यांदाच त्यांनी ते ऐकायचं नाकारलं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी ऊन पडलं. कारखान्याचं पटांगण सकाळपासून मालानं भरून गेलं, आणि रणधीरनं दुपारपर्यंतची सुट्टी शिव्या खाऊन मिळवली. हायवेवरून येडशी, तिथून ऑटोनं रामलिंग. धुळाप्पानं उद्यापनाचं म्हणून दूध फुकट दिलं, वर म्हणाला, “धुरपदाक्काला सांगा, आता माझ्या म्हशीचं तोंड बघ म्हणावं. लई दिवस झाले रुसली.” दुधाचा तांब्या सृष्टीनं मांडीत धरला होता, फडक्यानं तोंड बांधून.

पायऱ्या उतरून खाली दरीत जायचं. पावसानं नदी भरून वाहत होती, झाडी दाट, आणि पायऱ्यांच्या कठड्यावर माकडं रांगेनं बसलेली. रणधीरनं आईला पाठीवर घेतलं.

“लाज वाटती रं मला. लोक बघायलेत.”

“बघू दे. म्या लहान हुतो तवा तू घिऊन आलीस न्हवं?”

“तवा तू जड हुतास,” म्हातारी म्हणाली.

रणधीरनं पुढची पायरी उतरायला वेळ लावला. मागून सृष्टीला त्याची मान दिसत होती. ती खाली गेली होती.

गाभाऱ्याबाहेर गुरव बसले होते. वयस्क, उघडे, तोंडात पान. सृष्टीनं तांब्या पुढं ठेवला आणि सांगितलं, सासूबाईंनी दूध सोडलं होतं, त्याचं उद्यापन करायचंय.

“बरं. बसा म्हातारबाई. कवा सोडलं हुतं?”

धुरपदाबाई पदराचा काठ चाचपत बसली.

“दोन वर्सं झाली, श्रावणात,” रणधीर म्हणाला.

“तुमाला न्हाई, त्यांना इचारलं. संकल्प काय केला हुता बाई? काय मागितलं हुतं देवाला? नातवंडासाठी, का ल्योकाच्या नोकरीसाठी? ज्यासाठी सोडलं त्याचं नाव घ्यावं लागतं. तुमी म्हना, म्या मागनं म्हनतो.”

गुरव पळीत पाणी घेऊन थांबले. म्हातारीनं पिंडीकडं बघितलं. मग तांब्याकडं. पळीतलं पाणी थेंब थेंब खाली पडत होतं.

“आई, बोल की,” रणधीर म्हणाला.

“काय बोलू?” धुरपदाबाईचा आवाज फाटला. “म्या काय सोडलंच न्हवतं तर.”

“म्हंजी?”

“सोडलंच न्हवतं रं. आले, पाया पडले, माघारी गेले. देवाला एक सबुद बोलले न्हाई दुधाचा. आता त्येच्या म्होरं बसून लबाड बोलू व्हय? घरात बोलले ते बोलले.”

गुरवांनी पळी खाली ठेवली. रणधीर आईकडं बघतच राहिला.

“मग तसं म्हनलीस कशाला?”

“मग काय म्हनू? लेकरू वरच्या दुधावर आलं आन तुझी गाडी गेली, एकाच टायमाला. म्या ‘नगं’ म्हनले आसते तर तुमी दोघं ‘घे-घे’ केलं आसतं. दोन रोज केलं आसतं, तिसऱ्या रोजी गप बसला आसता. मग मला कळलं आसतं, आता खरंच न्हाई घरात. ते मला बघायचं न्हवतं.” तिनं पदरानं नाक पुसलं. “देवाचं नाव घेतलं की कोन इचारत न्हाय. एकदा म्हनलं की सुटलं.”

“आणि एकभुक्त?” सृष्टीनं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

“ते बी तसंच.”

“शेंगदाणे? अंडी?”

“अंड्याचा वास मला लई आवडतो,” म्हातारी म्हणाली आणि ओशाळून हसली. तिचे पुढचे दात, सगळे, जागच्या जागी होते.

रणधीर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि काळ्या बोटांनी डोळे चोळू लागला. सृष्टीला त्या रात्रीचं भांड्यात उरलेलं दूध आठवलं. विचारलं कोणी नाही, कारण देवाचं नाव होतं. आणि विचारलं नाही कारण न विचारण्यात घर चालत होतं. दुसरं कारण पहिल्याच्या पाठीमागं नीट लपून बसलं होतं.

“मग उद्यापन कशाचं करू मी?” शेवटी गुरवच म्हणाले. पान गालात सरकवून त्यांनी तांब्याचं फडकं सोडलं, थोडं दूध पिंडीवर घातलं, थोडं पळीत घेतलं. “सोडलं न्हाई ते सोडवायचं कसं? हात करा म्हातारबाई. तीर्थ घ्या, अन् जावा घरी.”

धुरपदाबाईनं तळहाताची खोलगट वाटी केली. दूध त्यात पडलं. तेवढ्यात सृष्टीच्या कडेवरची अक्षरा “मना मना” करत वाकली, आणि म्हातारीचा हात आपोआप पोरीच्या तोंडाकडं वळला. विचार करून नाही. पाणी उताराला वळतं तसा.

सृष्टीनं तिचं मनगट धरलं. दोरा गुंडाळलेलं कडं तिच्या मुठीत आलं, आणि कड्याच्या आत मनगट कुठंतरी लांब असल्यासारखं वाटलं.

“तुम्ही प्या.”

“लेकरू मागतंय गं...”

“मागू दे. रडू दे. तिला घरी आहे. तुम्ही प्या आत्या.”

म्हातारीनं तळहात तोंडाला लावला. घोट गिळताना तिचा गळा वर-खाली झाला. मग तिनं तळहात चाटला, दोन्ही बाजूंनी, लहान पोरासारखा, आणि सगळे बघतायत हे ध्यानात आल्यावर हात लुगड्याला पुसला. तेवढ्यात बाजूला ठेवलेला नारळ उचलून एक माकड पायऱ्या चढून गेलं. त्याच्यामागं कोणी गेलं नाही.

एवढ्यानं घरात दूध वाढलं असं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? धुळाप्पाचं माप अजून निम्मंच आहे. पण त्या निम्म्याची वाटणी बदलली. आता पहिलं ताट म्हातारीचं आणि पोरीचं, शेजारी शेजारी. रणधीर कोरा चहा पितो आणि तोंड वाकडं करतो. सृष्टी बाजारातून हुलगे आणते, स्वस्त पडतात. सकाळी त्यांचं माडगं करून सगळ्यांना पाजते. रविवारी अंडी आणली तर एक आख्खं धुरपदाबाईचं. ती त्याचा आधी वास घेते, मग खाते.

पण पुंगळ्यांना आता सासूचा हात नाही. ती मजुरी भरून काढायला सृष्टी शेडवर कामाला जाते, सकाळी जाते ती दिवस कलल्यावर येते. दिवसभर घरात म्हातारी आणि पोर, दोघीच. जाताना ती दुधाच्या दोन वाट्या भरून ठेवते, एक मोठी, एक लहान, आणि दोन्ही झाकते. संध्याकाळी दोन्ही रिकाम्या असतात. परवा तिनं अक्षराला मांडीवर घेऊन विचारलं, “मोठ्या वाटीतलं दूध कुणी पिलं गं?” पोरगी आजीकडं बघून हसली आणि तोंडावर हात ठेवला. आजीनंही तोंडावर हात ठेवला होता.

सृष्टीला शेडवर बसून दुपारभर तेवढंच दिसतं. द्वारकाबाईला सांगून ठेवलंय, पण तिलाही अंगणवाडी असते. धुळाप्पा येतो, पण तो सकाळचा. त्यामुळं ती आता ज्याला त्याला सांगते, वाण्याला, टपालवाल्याला, पुंगळ्या मोजताना उमाशंकरलासुद्धा; आणि तुम्ही इथवर ऐकलंय तर तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. कधी दुपारचे या हायवेनं गेलात तर तेरखेड्यात उतरा. मारुतीच्या मागची गल्ली, नालीवर फरशी टाकलेलं घर. धुरपदाबाई म्हणून हाक मारा. ती चहाचं विचारील. नको म्हणा, आणि वाटी आणायला सांगा, मोठी. ती म्हणेल, मला न्हाई सोसत. म्हणेल, आज उपास हाय. देवाचं नाव घेईल. तरी उठू नका. तुमच्यासमोर पिऊन होईपर्यंत बसा. आणि निघताना तिच्या उजव्या हातातलं कडं तेवढं बघा. त्याचा दोरा अजून तसाच जाड असला, तर शेडवर येऊन मला, नाही, सृष्टीला, निरोप द्या.